एकाच काडतुसाचा माणूस

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाई, पण माह्या पोराच्या, मनोजच्या शाळेच्या दाखल्यावर जे लिहून हाय ते सांगायले माहं काय जाते? किसनराव. आता नांदगाव खंडेश्वरच्या इकडं आठ-दहा खेड्यांत हे नाव घेऊन विचारसान तं कोणाले समजणार नाई. "एकगोळीवाले भाऊ" म्हणा, शेंबडं पोट्टंबी आमच्या दारात आणून सोडते.

हे नाव कसं पडलं ते ऐका. माह्या सासऱ्यापाशी पीक राखायच्या परवान्यावरची दुनळी बंदूक होती. शिकारीवर बंदी नव्हती तवा सासरे हरणामागं जात, न हे सतरा-अठरा वर्षांचे, त्याईच्या मागं मागं. पुढं सासरे वारले, परवाना ह्याईच्या नावावर झाला. शहाणा माणूस काय करते? हाय ते जपून ठेवते. आमच्या ह्याईनं ती दुनळी अमरावतीले दुकानात नेऊन देली न बदल्यात एकनळी आणली. एका वेळी एकच काडतूस भरायचं, उडवलं का नळी मोडायची, रिकामं काढायचं, दुसरं घालायचं. तेवढ्यात जनावर बडनेऱ्याले पोचते!

मी म्हटलं, "अवो, दोन नळ्यांची देऊन एकीची आणली, डोक्स ठिकाणावर हाय ना?"

तं म्हणतात, "दुसरी गोळी हाय असं मालूम असलं का माणूस पहिली नीट मारत नाई. एकच असली का मन लागते. न चुकली तं जनावर जितलं, आपण हारलो. त्यालेबी मोका पायजे का नाई?"

बरं, खिशातबी एकच काडतूस. बाकीचे घरी लोखंडी पेटीत, पेटीले कुलूप, किल्ली ह्याईच्या करगोट्याले. मी लय डोकं फोडलं. जनावराले थोडंच मालूम हाय का हा शर्यतीचा खेळ चालू हाय म्हणून? त्याले कोणी विचारलं, का बापा तू खेळतं का? पण ऐकून घेईल तो माणूस कसला. सुंभ जळन पण पीळ नाई जळणार.

हरणं तं कायद्यानं कवाचीच बंद झाली. मंग वरसानुवरसं ती बंदूक नुसती हवेत वाजवायच्या कामाची राहिली. पण रोही, म्हणजे नीलगाई, न रानडुकरं असे माजले का फारेस्टवाले कागद पाहून मारायची परवानगी देऊ लागले. गावानं अर्ज केला का पुढं नाव आमच्याच ह्याईचं. आठ वर्षांत पाच डुकरं, दोन रोही, न सात काडतुसं. पायी पायी जायचं, तुरीच्या आड बसायचं, जनावर पन्नास पावलांवर येऊ द्यायचं. जाग्यावर पडे. पाय झाडायलेबी त्याले फुरसत नाई भेटायची.

खोटं कशाले बोलू, मलेबी त्या नावाचा तोरा होता. लग्नात, तेरवीत बाया एकमेकींले कोपरानं सांगत, "हेच ते, एकगोळीवाल्याच्या घरची." मी पदर नीट करून घ्याची.

मंग गेल्या चैतात डोळ्याचं सुरू झालं. पयले पेपरवर राग. "हे पेपरवाले शाई वाचवून राहिले आजकाल." मंग चहा बशीत ओतता ओतता मांडीवर. वलगावच्या बाजारात एका अनोळखी माणसाले शेजारी समजून "राम राम भगवंतराव" म्हणून गळ्यात पडले, तो बिचारा वांगे तसेच टाकून पळाला. मी हासली. घरी येऊन पाहिलं तं ह्याईच्या उजव्या डोळ्यात बुबुळावर दुधाची साय आल्यावानी पांढरं. न बंदुकीले लागते तो उजवाच डोळा.

मी काई बोलली नाई. वाटलं, डोळ्याचं नाव काढलं का माणूस खचन. या वयात त्याईपाशी होतं काय? वावर मनोज पाहून राहिला, भाजीचा धंदा मी. ती एक बंदूक न ते एक नाव. तेबी काढून घेऊ? आपलेच दात न आपलेच ओठ, सांगाव कोणाले?

आता हा जानेवारी उजाडला. हरभरा घाट्यावर, न रोह्याचा कळप रोज पहाटे नाल्यातून वर यायचा. अठरा जनावरं. खायचे तेवढं खायचे, बाकीचं लोळून सपाट. गावानं अर्ज केला, परवानगी आली. आदल्या दिवशी शेजारचे भगवंतराव घरी आले. त्याईची दुनळी हाय. म्हणे, "भाऊ, मी अकोल्याले चाललो पोरीकडं. माही नाई चालवता येत तुमाले, परवाना माह्या नावानं. पण दोन दिवस थांबता काय? मी आलो का दोघं बसू. माह्या दोन, तुमची एक."

हे हासले. "तीन गोळ्या घेऊन तं कोणीबी मारते, भगवंतराव."

मी चहाचा कप घेऊन तिथंच उभी होती. तोंडात आलं होतं, का अवो थांबा, ह्याईले दिसत नाई. तोंडात आलं न गिळलं. माह्या मनात एकच धास्ती, जनावर जखमी होऊन हालहाल होईन न ते ह्याईच्या हातानं. तरी गिळलं. परक्या माणसापुढं नवऱ्याची मान खाली जाईन म्हणून गिळलं. कप ठेवला न आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सांबार, म्हणजे कोथिंबीर, काढायले वावरात, मनोज पाण्याच्या मोटारीपाशी, न हे तुरीच्या गंजीमागं. उजाडलं होतं चांगलं. कळप वर आला. पुढं मोठा नर, काळसर निळा. माह्या हातात सांबाराची जुडी तशीच राहिली. देवाले म्हटलं, चुकू दे बापा. पार चुकू दे. जनावर जिततं तं जितू दे.

बार झाला. कळप उधळला. नरबी उधळला, तं मी म्हटलं, सुटला! अन् दोनशे पावलांवर, शेजारच्या नांगरटीत, त्याचं मागचं धूड खाली बसलं. पुढचे पाय चालू, मागचे मेले. गोळी कमरेत.

आमी धावत गेलो. हे आले न जाग्यावर थांबले. नळी मोडली, रिकामं काडतूस काढलं, खिशात हात घातला. खिशात काय राहीन? कमरेची किल्ली तोडून मनोजले देली तं किल्ली त्याच्या हातात न येता ढेकळात पडली. मनोजनं उचलली न गाडीले किक मारली. गाव पाच किलोमीटर, रस्ता बैलबंडीच्या वाटेचा.

फारेस्टच्या गार्डले फोन केला. तो म्हणे, मी नांदगावात हाय, निघतो, तोपर्यंत जनावराले हात लावू नका. हात कोण लावते बापा!

किती येळ गेला सांगू? पाऊण घंटा. पाऊण घंटा ते जनावर पुढच्या पायानं ढेकळं उकरून राहिलं. उठे, दोन हात फरफटे, बसे. परत उठे. आवाज नाई काढला त्यानं. बोंबललं असतं तं बरं झालं असतं. फक्त नाकातून वारा, फुस्स, फुस्स. मी डब्यातलं पाणी पुढं सरकवलं, त्यानं शिंगं उगारले, डबा उलथला.

नितेश आमचा कामाचा माणूस, कुऱ्हाड घेऊन आला. मी म्हटलं, "बाबू, सोडव रे त्याले." तो जवळ गेला, कुऱ्हाड उचलली, न खाली ठेवली. "काकू, माह्याच्यानं नाई होत." मी उचलून पाहिली. माह्याच्यानंबी नाई झालं.

न हे? वावराच्या धुऱ्यावर येरझारा. रिकामी नळी मोडत, आत पाहत, लावत. परत मोडत, परत पाहत. आत कोठून काडतूस येणार? मी म्हटलं, "अवो, बसा." ऐकूच गेलं नाई त्याईले. तो नर उठायले गेला का हे डोळे मिटत. जन्मात मले ह्या माणसाची एवढी कीव आली नव्हती, न एवढा रागबी.

मनोज आला. एक काडतूस भरलं, हे दहा पावलांवर उभे राहिले, बंदूक खांद्याले लावली. नळी वाऱ्यावरच्या ज्वारीवानी हालून राहिली. उजवा डोळा मिटे, डावा उघडे, डावा मिटे, उजवा उघडे. मनोज म्हणे, "बाबा, द्या माह्याजवळ." "तुह्या नावाचा परवाना नाई," म्हणे. या वक्ताले कायदा सुचते माणसाले!

मंग मीच गेली. म्हटलं, "चला." ह्याईचा दंड धरला, जनावराच्या मागून नेलं, गरम होती अजून ती नळी का थंड, मले काई आठवत नाई. मी नळी हातानं धरली न त्याच्या कानामागं टेकवली. म्हटलं, "हाना आता."

त्याईनं घोडा ओढला.

गार्ड आला, पंचनामा झाला, गड्डा खंदून पुरलं. गावचे लोक जमले. एकजण म्हणे, "भाऊ, यावेळेस दोन लागल्या!" न हासला. हे पंचनाम्याच्या कागदाकडं वळले. सही कुठं करायची तेबी मनोजनं बोट ठेवून दाखवलं.

घरी आलो. हे ओट्यावर बसले. मी पाण्याचा गिलास देला, तो हातात तसाच. मंग म्हणतात, "मनोजच्या माय, मले उजव्या डोळ्यानं दिसत नाई."

मी म्हटलं, "मालूम हाय."

"कवापासून?"

"गेल्या चैतापासून."

ह्याईनं मान माह्याकडं वळवली. दिसत होती का नाई मी, देव जाणे. मंग हळूच म्हणे, "तं मले एकच घेऊन काहून जाऊ देलं?"

पन्नास वर्षांत ह्या घरात माह्या तोंडाले कोणी कुलूप लावू शकलं नाई. सासूले पुरून उरली मी. न त्या दिवशी? पदर तोंडाले लावला न आत जाऊन चुलीपाशी बसली. हे बाहेर वाट पाहत होते, मी काई म्हणीन म्हणून.