न दिसणाऱ्या कामाची जाहिरात

रफूवाले आप्पा बोलायला कंजूष आणि सुईला उदार. उभं आयुष्य त्यांनी दुकानाच्या खिडकीशी बसून लोकांच्या कोटांची आणि स्वेटरांची भोकं बुजवण्यात घालवलं. काम इतकं सफाईदार, की गिऱ्हाइकाला स्वतःचंच भोक सापडायचं नाही, आणि एखादा तर काम केलंच नाही म्हणून भांडायला उभा राहायचा.

अशा माणसाच्या लेकीने दुकानाची वेबसाइट काढायचं मनावर घेतलं. त्यासाठी तिने ऑफिसातून बिनपगारी रजा घेतली होती. तिला बापाशेजारी त्याच खिडकीत कायमचं बसायचं होतं. आप्पांच्या त्याला दोन हरकती होत्या. एक तर दुकानात एकाला पुरेल एवढंही काम उरलं नव्हतं. दुसरी हरकत लेकीच्या हाताची. लहानपणापासून ती रफू करून त्यांच्यापुढे धरायची आणि ते भिंग लावून एकच शब्द बोलायचे, "दिसतं." रजा संपली की ती परत ऑफिसात जाणार, हे त्यांना नको होतं, पण खोटं बोलायला जीभ रेटायची नाही.

जाहिरातीचा बेत जेवणाच्या टेबलावर शिजला. आईने चष्मा लावून आपणहून अध्यक्षपद घेतलं. आधी फाटलेल्या कपड्याचा फोटो, शेजारी रफू केल्यानंतरचा, खाली जुन्या गिऱ्हाइकांचे चार शब्द, आणि मग गावभरच्या लॉन्ड्र्यांना लिंक पाठवायची, असं लेकीने मांडलं. आप्पांनी मान डोलावली. त्यांना त्यातलं अर्धंच कळलं होतं.

फोटोपाशीच गाडं अडलं. लेक फोन सरसावून येईपर्यंत आप्पांनी भोक बुजवलेलं असायचं. समोर भोक आणि हात रिकामे, हे त्यांना सोसायचंच नाही. शेवटी तिने एक स्वेटर स्वयंपाकघरात आईच्या ताब्यात दिला, तर पाणी प्यायच्या निमित्ताने हे सुई घेऊन तिथेही हजर. नंतरचे फोटो मात्र ढीगभर निघाले आणि सगळे सारखे. नुसतं कापड. हे बघून लोकांना वाटेल आपण कापड विकतो, असं आईचं मत पडलं.

गिऱ्हाइकांनीही हात वर केले. वकीलसाहेबांनी आप्पांचं तोंडभरून कौतुक केलं आणि वर बजावलं, "माझं नाव तेवढं घालू नका. कोर्टात सगळ्यांना हा कोट नवा वाटतो."

आप्पा खट्टू झाले. मग एका सकाळी लेकीने लॅपटॉप आणून त्यांच्यापुढे ठेवला. पडदाभर करड्या लोकरी कापडाचा फोटो होता आणि वर ठळक अक्षरं: 'इथे भोक होतं. सापडलं तर पहिलं रफू फुकट.'

आप्पांना युक्ती बेहद्द आवडली. आपलं काम आपल्याला नाही सापडणार तर कोणाला, असं म्हणत ते फोटोवर वाकले. सापडेना. तेव्हा लेकीने खरा कोटच आणून दिला, आईचा. त्यांनी भिंग लावलं, कोट उजेडात धरला, नखाने चाचपला, उलटा करून पाहिला. चहा निवून गेला. आई पदराआड हसत होती.

"हा मी कधी केला?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही नाही केला, आप्पा."

त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"भोक होतं कुठे?"

"वेबसाइटवर शोधा. सगळ्यांना तोच नियम."

आप्पांनी आपलं स्टूल खिडकीत थोडं बाजूला ओढलं आणि दुसरं त्याला लावून ठेवलं.

"काम येईल न येईल, ते बघू," ते म्हणाले. "तू आधी त्या ऑफिसला कळवून टाक."