बगीच्यातली हराळी

आप्पांनी घराला कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली चुलत्यांच्या हातात दिली. फाट्यावर भोकरची जीप हॉर्न वाजवत होती. आप्पांच्या पिशवीत दोन धोतरं, आईचा फोटो आणि खुरपं. "नांदेडात खुरपं कशाला?" म्हटलं तर म्हणाले, "असू दे, हाताला सवय हाय." मी लग्न होऊन याच फाट्यावरून निघाले तेव्हा गाव गोळा होईपर्यंत रडले होते. आप्पा रडले नाहीत, जीपमध्ये नुसते तोंड फिरवून बसले. ते मला जास्त लागलं.

दत्ता, भावा, तू पुण्यात कंपनीच्या शिफ्टमध्ये, मी इथं दवाखान्याच्या ड्युटीत. आई गेल्यावर आप्पा एकटे. शेतात चक्कर येऊन पडले तर संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ता नव्हता, म्हणून मी त्यांना आणलं. गावाकडचे तुम्ही सगळे मागून काय बोललात तेही मला कळलं, बाप लेकीच्या दारात जाऊन बसला म्हणून. आप्पांनाही तेच आतून खात होतं. चार दिवस गेले की पिशवी भरायची. "माय, लेकीच्या घरी किती दिस खायचं? सोड मला गावाला."

मग मी सुट्टीच्या दिवशी त्यांना शहरातले बगीचे दाखवायला लागले, एखाद्या उपवर पोराला मुली दाखवाव्यात तसे. गोदाकाठच्या बगीच्याला तिकीट होतं. "झाडाखाली बसायला तिकीट?" म्हणत ते गेटवरूनच फिरले. तरोड्याकडच्या एका नव्या कॉलनीत छान वॉकिंग ट्रॅक होता. कानात वायरी घालून गोल गोल फिरणारी माणसं पाहून म्हणाले, "यांना काय मळणीला जुंपलंय?" जुन्या वस्तीतला बगीचा त्यांना जरा आवडला, झाडं मोठी होती. पण तो दोन रिक्षांच्या अंतरावर. आणि आमच्या कॉलनीत ओपन स्पेस म्हणजे बाभळी आणि कचरा.

त्याच जागेवर यंदा कॉलनीनं वर्गणी काढून बगीचा केला. बाक आले, झोका आला, हिरवीगार लॉन आली. आणि एका सकाळी वॉचमन दारात.

"सिस्टर, लवकर चला. तुमचे वडील लॉन उपटून राहिले!"

मी तशीच पळाले. आप्पा उकिडवे बसून खुरपं चालवत होते. शेजारी उपटलेल्या गवताचा व्यवस्थित ढीग. मला पाहून म्हणाले, "अगं, समद्या बगीच्याला हराळी लागली अन् एकाचंबी ध्यान न्हाई! आत्ताच काढली न्हाई तर रान खाऊन टाकील."

गावाकडच्यांना सांगायला नको, पण दत्ता, तुझ्या पोरांना सांग. हराळी म्हणजे कुणब्याची वैरीण. वरून काढावी तर खालून मुळ्या पसरतात. आप्पांचा सगळा जन्म ती काढण्यात गेला. आणि शहरात तिलाच लॉन म्हणतात, विकत आणतात, दोन वेळा पाणी घालतात.

माणसं जमली. कुणीतरी पुटपुटलं, "खेड्यातून आणून ठेवतात." आप्पांनी ते ऐकलं. खुरपं धोतराला पुसलं आणि उठले. आजच्या जीपनं हे जाणार, आणि आता मी कोणत्या तोंडानं अडवणार?

तेवढ्यात समितीचे जोंधळे सर आले. रिटायर्ड मास्तर, बगीच्यासाठी दारोदार फिरलेले. त्यांनी ढीग पाहिला, खुरपं पाहिलं आणि असे हसायला लागले की बाकावर बसावं लागलं.

"आप्पा, माझ्या मायनं जन्मभर लोकाच्या रानात हराळी काढली. त्या मजुरीवर मी शिकलो. अन् म्हातारपणी मीच वर्गणी काढून हराळी लावली!"

आप्पा ढिगाजवळ पुन्हा टेकले. मग हळू म्हणाले, "आमच्याबी रानात बाया यायच्या. लई वंगाळ काम. कंबर मोडती." आणि त्यांनाही हसू फुटलं.

"मंग आता लावू लागा मला," सर म्हणाले. दोन म्हातारे उन्हं वर येईपर्यंत हराळी लावत बसले.

तेव्हापासून पाण्याचा पाइप आप्पांच्या हातात. सरांना कडेनं गुलाब हवेत, आप्पांना मेथी. रोज भांडण, रोज चहा. पिशवी भरणं मागे पडलं. तरी पोळ्याला गावी गेले तेव्हा मी धसका घेतला. सण होऊन गेला तरी येईनात, फोनही लागेना. मनात म्हटलं, गेले ते गेलेच.

त्या संध्याकाळी बगीच्याच्या गेटवर मागच्या गल्लीतल्या एका अनोळखी बाईंनी मला थांबवलं. "तुम्ही आप्पांची लेक ना? कधी येणार हाईत ते?"

इतकी वर्षं या कॉलनीत राहते. फार तर सिस्टर म्हणून कुणी ओळखायचं. आप्पांची लेक म्हणून मला फक्त गावात ओळखत होते. "हाव," म्हटलं, "येतील की."

आले. दुसऱ्याच दिवशी, आणि घराआधी बगीच्यात गेले. तेव्हा गावाकडच्यांनो, आता बोलायचंच असेल तर नीट बोला. बाप लेकीच्या दारात राहत नाही. लेक बापाच्या वस्तीत राहते.