आहेराच्या कापडातला टाका

लग्नाच्या आहेराला गाठ मारायची नाही, हे जोंजूच्या बाजारात शेंबड्या पोरालाही ठाऊक. चार कोपरे वर घ्यायचे, एकात एक दुमडायचे आणि लाल कागदाच्या पट्टीखाली सारून द्यायचे. पट्टी सरकवली की कापडानं आपलं आपण मोकळं व्हावं. पोरांचा संसारही तसाच, कुठे न अडता उलगडावा. हे बांधायचं कापड म्हणजे बोजागी, आणि कुम्जा एकतीस वर्षं बोजाग्याच शिवत होती. मोठ्या दुकानांनी चकचकीत कागद आणि प्लॅस्टिकची फुलं आणली, तेव्हा तिची गिऱ्हाइकं कमी झाली, तोंड मात्र कमी झालं नाही. “कागद फाडून कचऱ्यात टाकाल, बाई. कापड घरी परत येतं, आणि रिकामं कधीच येत नाही,” असं ती दारातूनच सुनवायची. ते खरंही होतं. तिच्या हातची कापडं या घरातून त्या घरात, कधी केक तर कधी लोणचं पोटात घेऊन, वर्षानुवर्षं फिरत असत.

आणि त्या सकाळी हिनंच, स्वतःच्या पोरीच्या आहेराच्या कापडाला टाका घातला होता.

दोष बोटांचा होता. दोन वर्षांपासून तिच्या उजव्या हाताची तीन बोटं बधिर झाली होती. हे तिनं कुणालाही कळू दिलं नव्हतं, पोरीला तर नाहीच. हेरिनचं लग्न ठरलेलं, लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर दूर बुसानला जाणार. आईचे हात गेले हे कळलं तर पोरगी पाय मागे घेईल, ही कुम्जाला धास्ती. त्या सकाळी रजई आणि चांदीचे चमचे रचून झाले, पण रेशमी कोपरे काही बोटांत राहिनात. तीनदा बसवले, तीनदा घसरले. खाली होणाऱ्या जावयानं, थेऊननं, हॉर्न वाजवला. तिनं सुई उचलली आणि पट्टीच्या आत, दिसणार नाही असा, एक टाका मारला. कच्चा धागा आहे, ओढला की तुटेल, अशी तिनं मनाची समजूत घातली.

पोरं आहेर घेऊन नामवनला निघून गेली. पावणेदहाला ती पसारा आवरायला बसली तर कच्च्या धाग्याचं रीळ जागच्या जागी, न उलगडलेलं. सुईत होता तो रजईचा मेण लावलेला लाल दोरा, तोही दुहेरी. घोडा बांधला तरी तुटला नसता.

दुपारी बाराला नामवनला, विहिणीच्या घरी, सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर पट्टी निघेल. कापड उघडणार नाही. विहीण ओढून बघेल, आणि मग कात्री मागेल.

कात्री काय असते हे कुम्जाइतकं कुणाला माहीत? छत्तीस वर्षांपूर्वी हेच लाल कापड तिच्या स्वतःच्या आहेराचं होतं. तिची आई बेटावरची, कोळ्याची विधवा. तिला इकडच्या रीती कुठून ठाऊक असणार? बोटीत सामान विस्कटू नये म्हणून माउलीनं दोन पक्क्या गाठी मारून दिल्या. गाठी सुटल्या नाहीत. सासूनं कात्री मागवली आणि सगळ्यांदेखत कापड उभं कापलं. त्यानंतर पहिलं मूल पोटातच गेलं तरी, नवऱ्याचा ट्रक उलटला तरी, साधं लोणचं नासलं तरी सासूचं एकच पालुपद: “आलीस त्या दिवशीच कापलं होतं.” मेली तरी ते वाक्य घरात ठेवून गेली. कुम्जानं ते फाटकं कापड टाकलं मात्र नाही. रंगीत तुकडे जोडून तिनं ती चीर भरून काढली आणि तिथूनच तिच्या हाताला हे काम लागलं. आज तेच कापड तिनं लेकीला दिलं होतं. मनात होतं, या खेपेला ते सुखानं उलगडेल.

तिनं फोन लावला.

“बोल आई,” हेरिन म्हणाली. “गाडीतला स्पीकर चालूय हं, सगळ्यांना ऐकू येतंय. थेऊनच्या आजी पण बसल्यात, त्यांना वाटेत घेतलं.”

“विहीणबाई का?” मागून एक खडा आवाज आला. “बांधणी फार देखणी हो! मी मघापासून मांडीवर घेऊन बसलेय, कुणाला हात लावू दिला नाही.”

एवढंच सांगायचं होतं: घरात शिरण्याआधी टाका काप. पण आजीच्या मांडीवर?

“काही नाही. नीट जा,” ती म्हणाली आणि फोन ठेवून स्वतःलाच शिव्या घातल्या.

व्याह्याचं घर आणि संडास जितके लांब तितके बरे, असं इथे म्हणतात. बोलावल्याशिवाय, त्यातून आहेर उघडायच्या दिवशी, मुलीच्या आईनं तिथे जायचं म्हणजे अब्रू वेशीला टांगणं. कुम्जानं दुकानाला कुलूप घातलं आणि दहा वीसची बस पकडली.

बसला काही घाई नव्हती. प्रत्येक फाट्यावर एक म्हातारी चढे आणि ड्रायव्हरच्या आईची खुशाली विचारी. खिडकीबाहेर झाडांना पर्सिमनची केशरी फळं लटकलेली होती; कुम्जाला दिसत होतं फक्त घड्याळ. अकरा. सव्वाअकरा. पुढे एका ट्रॅक्टरनं अर्धा रस्ता अडवला. “अहो, वाजवा ना हॉर्न!” ती ओरडली. ड्रायव्हर म्हणाला, “काकू, तो माझा सासरा आहे. तुम्हीच वाजवा.” सगळी बस हसली. कुम्जाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते हसण्यानं नव्हतं.

नामवनला उतरली तेव्हा बाराला दहा मिनिटं कमी होती. टॅक्सी नव्हती. त्रेसष्टाव्या वर्षी ती चढावावर पळाली.

दाराबाहेर बुटांची रांग लागलेली. आतून बोलणं ऐकू येत होतं.

“विचित्रच आहे,” विहीण म्हणत होती. जन्मभर शाळेत गणित शिकवलेली, एकेक शब्द मोजून टाकणारी बाई. “पट्टी निघाली, कोपरा का निघत नाही? हेरिन, तुला माहीत आहे का?”

“नाही, आई,” हेरिनचा आवाज बारीक झाला होता. “अडकलं असेल.”

“आहेर अडकत नसतो, पोरी,” एक काका म्हणाला. कुणीतरी नको तसं हसलं.

“थेऊन, कात्री आण.”

कुम्जानं दार सरकवलं. एक बूट निघाला, दुसरा पायातच राहिला, आणि तशीच ती आत शिरली.

“कात्री नको!”

विहिणीच्या हातात कात्री आलेली होती. हेरिन उभी राहिली. “आई? तू इथे?”

वाटेत कुम्जानं तीन थापा जुळवून ठेवल्या होत्या. एकही आठवेना. ती गुडघ्यांवर बसली.

“टाका मीच घातलाय, विहीणबाई. पोरीला माहीत नाही, तिला दोष देऊ नका. माझी बोटं बधिर झालीत. कोपरे धरवत नाहीत. लाज वाटली म्हणून शिवून टाकलं. दोरा चुकला.” तिला धाप लागली होती. “हे कापड एकदा कापलंय. माझ्याच आहेरात. त्याचं मी छत्तीस वर्षं ऐकलंय. माझ्या पोरीला ऐकायला लावू नका. मी उसवते, मला द्या.”

तिनं हात पुढे केला. टाका सापडेना. बोटं रेशमावरून नुसती फिरत राहिली, आणि हेरिन ती बोटं बघत राहिली.

विहिणीनं तुकड्यांनी जोडलेल्या त्या जुन्या चिरेवरून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग कात्री बाजूला सरकवली. चष्मा काढला. सगळ्या दिरा-जावांसमोर ती मोजून बोलणारी बाई गाठोड्यावर वाकली आणि तिनं दातांनी दोरा तोडला.

कापड चारी बाजूंनी मोकळं होऊन पडलं.

“रजईचा दोरा आमच्याकडे दातांनीच तोडतात,” ती ओठावरचा लाल धागा काढत म्हणाली. “थेऊन, ती कात्री स्वयंपाकघरात ठेवून ये.”

आजींनी खाकरून तोंड उघडलं. “व्याह्याचं घर आणि संडास लांब बरे, हे खरं. पण आलीच आहेस तर जेवून जा. आणि आधी तो दुसरा बूट काढ.”

जेवणं झाली. परतीचे केक आणि सुकवलेले पर्सिमन त्याच लाल कापडात घालायचे होते. कुम्जा पुढे झाली, तेवढ्यात हेरिननं तिचा हात धरला. एकेक बोट दाबून पाहिलं.

“हे?”

“हो.”

“हे पण?”

कुम्जानं मान हलवली.

“दोन वर्षं मला मजेत आहे म्हणत होतीस,” हेरिन म्हणाली. तिनं नाक पुसलं आणि कापड स्वतःकडे ओढलं. “तू हात लावू नकोस. नुसतं सांग.”

एकतीस वर्षं दुकान चाललं, पण पोरीनं कधी एक कोपरा दुमडला नव्हता. कुम्जा सांगत गेली, पोरगी चुकत गेली, आजी हसत राहिल्या. शेवटी पट्टी बसली, पण वाकडी, आणि एक कोपरा बाहेर डोकावत होता.

“टाका घालू का?” हेरिननं विचारलं.

“खबरदार!”

संध्याकाळच्या बसमध्ये ते गाठोडं कुम्जाच्या मांडीवर होतं. प्रत्येक वळणाला पट्टी सरकत होती. नामवनपासून जोंजूपर्यंत ती ते दोन्ही हातांनी धरून बसली.