बाबांची मूठ

माझा साखरपुडा झाला आणि पंधरवड्याच्या आत बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. जावयाचा पायगुण वगैरे कोणी बोललं नाही, कारण मी ते ऐकून घेतलं नसतं. सासरची मंडळी समजूतदार, लग्न पुढे ढकलायला तयार झाली. बाबा वाचले, पाय ओढत का होईना चालू लागले. बोलणं जड झालं, पण कळायचं. उजव्या हाताने मात्र दगा दिला. तो कोपरात दुमडून छातीशी चिकटला आणि मूठ अशी वळली की आतला अंगठा दिसेना. नखं तळव्यात रुतायची.

बाबांना सलत होतं ते एकच. कन्यादानाला नवऱ्यामुलाच्या ओंजळीवर मुलीची ओंजळ, तिच्यावर बापाची, आणि आई वरून पाण्याची धार धरते. मिटलेल्या मुठीतून पाणी जाणार कसं? काका म्हणाले, "दादा, मी आहे ना! कन्यादान मी करतो. काळजी कसली?" चांगल्या मनानेच म्हणाले. बाबा भिंतीकडे तोंड करून निजले. मी काकांना चहा दिला आणि मनाशी पक्कं केलं की कन्यादान बाबाच करणार. मी हट्टी आहे असं अर्धं पार्लं म्हणायचं. खरंच होतं ते.

आमच्याकडे आजारी माणसाला बघायला येणाऱ्यांना तोटा नव्हता, आणि येणारा प्रत्येकजण उपाय घेऊनच यायचा. शेजारच्यांनी दाबायला रबरी चेंडू आणून दिला. मामांनी आखाड्यातल्यासारखं तेल रगडलं. दोघांच्या मेहनतीने मूठ होती त्याहून घट्ट झाली.

त्यातच तो जांभईचा प्रकार घडला. जांभई आली की तोंडासमोर चुटकी वाजवून "हरी हरी" म्हणायची बाबांची जन्माची सवय. एका दुपारी जेवणानंतर त्यांनी भलीमोठी जांभई दिली, आणि छातीशी चिकटलेला तो हात आपोआप उठून हनुवटीपर्यंत गेला. आई ओरडलीच, "अगं बाई! हाताला चुटकीची आठवण आली!" तिने शेजारीपाजारी साखर वाटली. जांभई पाहून जांभई येते म्हणतात, तेव्हा त्या संध्याकाळी आम्ही सगळे बाबांसमोर ओळीने बसून जांभया देत होतो. बाबा वैतागून म्हणाले, "झोपा की मग!"

शहरातल्या मोठ्या इस्पितळात अशा हातापायांना व्यायाम देणारी एक शिकलेली बाई होती. वयाने माझ्याएवढीच, पदर खोचून उभी. आईने चेंडूचं, तेलाचं सांगितलं आणि मोठ्या कौतुकाने जांभईची हकिकतही सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली.

"हा हात त्यांच्या मनाने उठत नाही. जांभईने उठतो, शिंकेनेही उठेल. माणूस रागावला, घाबरला, की जास्तच आवळेल. मेंदूचा लगाम सुटलाय, म्हणून स्नायू आपले आपण आवळून बसतात. तो चेंडू आधी टाकून द्या."

"पण आम्ही साखर वाटली हो," आई म्हणाली.

"गोड लागली ना? मग झालं," ती म्हणाली. मला ती तिथेच आवडली.

बोटं ओढायचीच नाहीत, हा तिचा पहिला नियम. आधी गरम पाण्यात पिळलेल्या टॉवेलने हात शेकायचा. खांदा सैल करायचा, कोपर सावकाश सरळ करायचं. मग मनगट खाली वाकवायचं, की बोटं आपोआप ढिली पडतात. तेव्हा अंगठा बाहेर काढून तळवा उघडायचा आणि तसाच धरून थांबायचं. शेवटी उघडा तळवा बाकावर टेकवून त्यावर अंगाचा भार द्यायचा. मी विचारलं, "हात काम करील?" ती म्हणाली, "ते मी सांगणार नाही. रोज केलंत तर उघडेल, एवढं सांगते." मला तेवढंच हवं होतं.

मी शाळेत शिकवायला जायच्या आधी आणि आल्यावर, रोज हे चालायचं. बाबा कुरकुरायचे.

"सोड गं आता."

"दुखतंय की कंटाळा आलाय?"

"कंटाळा."

"मग नाही सोडत."

पहिल्यांदा तळवा पुरता उघडला तेव्हा तो पांढरा, सुरकुतलेला निघाला. आईने तो तान्ह्या बाळाचा धुवावा तसा धुतला आणि रडली. मग मोरीत बादलीवर आमची कन्यादानाची तालीम सुरू झाली. तांब्या आईचा, नवरामुलगा बेपत्ता. पाणी ओंजळीतून सुरेख पडायचं.

लग्नाच्या दिवशी मात्र माणसांनी गजबजलेल्या मांडवात, भटजींनी पुकारताच, बाबांचा हात सपकन छातीशी गेला. मूठ दगडासारखी. बाबांच्या कपाळावर घाम आला. भटजी घुटमळले. काका उपरणं सावरत अर्धवट उठले.

"थांबा," मी म्हणाले. तेव्हा नवरीने बोलायची पद्धत नव्हती. मागे कोणीतरी "काय बाई हल्लीच्या मुली!" म्हणालं. म्हणू दे. मी बाबांचा हात हातात घेतला. "बाबा, माझ्याकडे बघा. श्वास सोडा." खांदा, कोपर, मनगट. घाई नाही. बोटं एकेक करून सुटली आणि तळवा उघडला. मी त्याच्याखाली माझी ओंजळ नेली, आईने धार धरली, बाबांनी जड जिभेने भटजींमागे मंत्र म्हटले, आणि पाणी तिघांच्या ओंजळींतून खाली काशाच्या भांड्यात पडलं.

धार थांबली तशी ती बोटं पुन्हा मिटू लागली, आणि त्यांत माझी बोटं सापडली.

"झालं कन्यादान. आता सोडा मुलीला," भटजी म्हणाले.

बाबांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, "मी कुठे धरलीय? मी दिली. हातच सोडत नाही."

मनगट जरासं वाकवलं असतं तर मूठ सुटली असती. मी वाकवलं नाही. भटजींना म्हटलं, "थांबा थोडं."