विमलकाकूंचा लोखंडी पंखा

नागपूरच्या विमलकाकू रामटेके १९९४ साली अमेरिकेत एडिसनला मुलाकडे आल्या आणि सहा महिन्यांत चिनी लिन मास्तरांच्या क्लासात पंख्यानं मारामारी शिकू लागल्या. मिटलेला पंखा मनगटावर हाणायचा, उघडून समोरच्याचे डोळे झाकायचे. काकूंचा हात सणसणीत होता. नागपुरी उन्हाळ्यात लाइट गेली की चाळीस वर्षं त्यांनीच घरादाराला वारा घातला होता.

तीच सवय नडली. समोरचा मार खाऊन घामाघूम खाली बसला, की काकू पंखा उघडून त्याला वारा घालायच्या. त्यापायी परीक्षेत दोनदा नापास झाल्या. पास झाल्याशिवाय बांबूचा पंखा सुटून लोखंडी काड्यांचा मिळत नसे, आणि काकूंना तोच पाहिजे होता.

तिसऱ्या परीक्षेत काकूंनी खुद्द मास्तरांनाच खाली बसवलं. आणि वारा घातला.

मास्तर इंग्रजीत काहीतरी बोलले. सोबत आलेली सून मैत्री म्हणाली, "आई, ते म्हणतात, अशानं शत्रू फ्रेश होऊन परत उठेल."

"उठू दे ना बापा," काकू म्हणाल्या. "मंग अजून हाणतो मी."

मैत्रीनं ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. मास्तरांनी मनगट चोळत थोडा विचार केला, लोखंडी पंखा काकूंच्या हातात दिला, आणि मग ते दोन पावलं मागं सरकले.