तीन पोळे पाहिलेलं लेकरू

तीन बोटं वर करून मोठीमाय म्हणायची, "तीन पोये पाह्यले यानं. घ्या नाव."

पोये म्हणजे बैलपोळे. आमच्या कारंज्यात तेव्हा लेकराचं वय वर्षांत कोण मोजायचं! किती पोळे पाहिले, तेवढं सांगायचं. तुमच्याकडच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, हा हिशेब कधी चुकत नाही म्हणेल. चुकतो. पोळ्याच्या तोंडावर जन्मलेलं पोर दोन वर्षांचं होतं न होतं, तोच तीन पोळे पाहून मोकळं होतं. मोठीमायला हे पक्कं ठाऊक होतं.

सारा मोहल्ला तिला मोठीमायच म्हणायचा. पन्नास-पंचावन्नचा काळ. लोकांनी मिळून सरकीच्या रिकाम्या गोदामात बालवाडी काढली होती. शिकवायला एक बाई होत्या. घरोघर फिरून लेकरं गोळा करायचं काम मोठीमायचं. शेंबडी नाकं ती स्वतःच्या पदरानं पुसायची आणि वर त्यांनाच रागवायची, "माहं लुगडं काय तुह्या बापानं आनलं?"

मी तेव्हा आठ वर्षांची. शाळेत नाव होतं, पण पाटी घरीच. आई शेतात निंदायला जायची आणि धाकट्या बबनला मी सांभाळायची. तो पोळ्याच्या दोन दिवस आधीचा. त्याचा तिसरा पोळा झाला, दुसऱ्या दिवसाची कर संपली आणि मोठीमाय दारात हजर.

"बबन्याले दे, अन् तू शायेत जाय," ती मला म्हणाली.

आई म्हणाली, "तो लहान हाय वं अजून."

"अन् हे लय मोठी झाली का?"

आईनं बबनला तिच्या कडेवर दिलं. मी पाटी शोधायला धावले.

बालवाडीचा नियम मात्र तीन वर्षं पूर्ण असा होता. पंधरा दिवसांनी समितीचे अध्यक्ष तपासायला आले. जुने शेतकरी, बोलायला करडे, आणि राहायला नेमके आमच्या घरामागे. मी मधल्या सुट्टीत बबनला पाहायला आले होते. त्यानं त्यांच्यासमोरच चड्डी ओली केली.

"हा तीन वर्साचा?"

"तीन पोये पाह्यले यानं."

"पयल्या पोयाले दोन दिवसाचा होता हा!"

"डोये तं उघडे होते."

सगळे हसले, अध्यक्ष सोडून. त्यांनी नाव खोडायला सांगितलं. बाईंनी लेखणी उचलली. हे नाव गेलं की माझी शाळा संपली, एवढं मला कळत होतं.

मोठीमायनं रजिस्टरवर हात ठेवला. "दादाजी, याचं नाव खोडलं तं या पोरीचं बी खोडल्या जाते. याले मी सांभायतो. पाठीशी बांधून फिरतो. पन खोडू नका."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "त्याची चड्डी बदला." आणि निघून गेले.

नाव राहिलं. मी सातवी झाले, मास्तरीण झाले, केनवडच्या शाळेत लागले. मोठीमाय गेल्याचं मला उशिरा कळलं. भेटायला गेले, तेव्हा तिची थोरली लेक ओसरीवर एकटीच बसली होती. तिला मी आजवर कधी नीट पाहिलंही नव्हतं. तुझ्या आईमुळे मी शिकले, असं सांगताना मला रडू आवरेना.

"ठाव हाय मले," ती म्हणाली. "मी पयली ना. माह्यामांगं चार भाऊ झाले, त्यायले मीच सांभायलं. तवा कुठची बालवाडी अन् कुठचं काय! माय शेवटपावतर म्हने, तुह्यासाठी काईच नाही केलं वं मी."

मग तिनं कोनाड्यातून एक पोस्टकार्ड काढून माझ्या हातात दिलं.

"धाकट्या भावाचं हाय. चार दिवस झाले येऊन. वाचून देता का, मास्तरीणबाई?"

चारच ओळी होत्या. तिनं त्या माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतल्या, आणि मी वाचत राहिले.