एकतीस पुड्या

नवऱ्याची बँकेतली बदली आम्हाला बेहाला नावाच्या बंगाली उपनगरात घेऊन आली, त्याला सहा महिने झाले होते. संक्रांतीचं हळदीकुंकू मी हौसेनं केलं. शहरातल्या जेवढ्या मराठी बायकांचे फोन मिळाले, तेवढ्या बोलावल्या. वाण म्हणून चहाच्या गाळण्या, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

तिसऱ्या दिवशी ठाण्यातले फौजदार दारात. गल्लीतल्या खांबावर सरकारी कॅमेरा आहे हे मला ठाऊक होतं. तो इतका मन लावून बघतो हे नव्हतं.

"दोन तासांत एकतीस बायका," त्यांनी कागद वाचला. "सगळ्या रिकाम्या हाती वर, दहा मिनिटांत पुडी घेऊन खाली. बौदी, धंदा कसला?" बौदी म्हणजे इथली वहिनी.

मला हसू आवरेना आणि नवऱ्याला घाम फुटलेला. घरमालकीणबाईंनी आमची हमी लिहून दिली तर ठीक, नाहीतर जागा सोडायची, असं फौजदारांनी बजावलं.

मी उरलेली गाळणी दाखवली. त्यांनी ती डोळ्याला लावून माझ्याकडे पाहिलं. "एवढ्यासाठी पार बजबज गावाहून बायका आल्या?"

"हो."

"त्यांची नावं?"

निम्म्यांची मलाही ठाऊक नव्हती. मग तिळगूळ दिला. त्यांनी आधी हुंगला, मग तीन लाडू खाल्ले आणि मोबाइलवरचा फोटो पुढे केला.

"आणि ही कोण? दोन्ही तास खालच्या ग्रिलपाशी उभी. वर येत नाही, आतही जात नाही. पहाऱ्यावर होती का?"

त्या खालच्या मजल्यावरच्या आमच्या घरमालकीणबाई, ज्यांना आम्ही इथल्यासारखं माशीमा, म्हणजे मावशी, म्हणायचो. ठेवणीतली पांढरी साडी नेसून. विधवा म्हणून मी त्यांना बोलावलंच नव्हतं. आमच्याकडे तसंच करतात, आणि मी त्यावर कधी विचारही केला नव्हता. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

आम्ही तिघं खाली गेलो. माशीमांनी हमीवर सही केली.

"माणसं चांगली आहेत," त्या फौजदारांना म्हणाल्या. "पुडीत काय होतं ते मात्र मला विचारू नका. मला कुणी बोलावलं नव्हतं."

मी वर धावले, कुंकवाचा करंडा घेऊन आले. "लावू?"

माशीमांनी एकदा खांबावरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग पदर सावरून कपाळ पुढे केलं. गाळणी फौजदारांच्याच हातात राहिली होती, ती मी काढून माशीमांना दिली.

फौजदारांनी कागदावरचा एकतीस खोडून बत्तीस केला.